फ्रीमाँट फायर लुकआउटची समूहाने करायची एक दिवसाची पदभ्रमंती: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू आणि रेडमंड परिसरातील मराठी मंडळी दर उन्हाळ्यात माउंट रेनिअर राष्ट्रीय उद्यानातील माउंट फ्रीमाँटच्या फायर लुकआउटकडे, म्हणजे वणव्याचा धूर हेरण्यासाठी उभारलेल्या टेहळणी टॉवरकडे, गटागटाने जातात, आणि अनेक गटांचा दिवस ठरावीक ठिकाणीच विस्कटतो. दोन गाड्या प्रवेशद्वाराच्या रांगेत अडकतात, तिसरी वर जाऊन थांबते, कोणाच्याच फोनला रेंज नसते. तरुण मंडळी टॉवरवर पोहोचतात तेव्हा कोणाचे तरी आईवडील अर्ध्या वाटेवर वाऱ्यात कुडकुडत बसलेले असतात आणि गाडीची किल्ली टॉवरवर गेलेल्या चालकाच्या खिशात असते. वाट तशी अवघड नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने तयारी वरवरची होते. या लेखात सगळा भर कोणती गोष्ट कधी ठरवायची यावर आहे, कारण गटाच्या चालीत बहुतेक घोटाळे उशिरा घेतलेल्या निर्णयांतून होतात.

## १. वाटेचे आकडे आधी नीट समजून घ्यावेत

चालायला सुरुवात होते ती सनराइज येथून. ही जागा सुमारे ६,४०० फुटांवर, म्हणजे १,९५० मीटर उंचीवर आहे आणि या उद्यानात मोटारीने याहून उंच जाता येत नाही. टॉवर ७,१८१ फुटांवर, म्हणजे सुमारे २,१९० मीटरवर आहे. जाऊन येऊन अंतर ५.६ मैल, म्हणजे साधारण ९ किलोमीटर भरते. त्यातले पहिले दीड मैल फ्रोझन लेकपर्यंतचे आणि पुढचे सव्वा मैलाहून थोडे जास्त अंतर टॉवरपर्यंतचे. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत जेमतेम ८०० फुटांचा फरक असला तरी वाट मध्ये चढते-उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष चढ त्याहून जास्त होतो.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेली माणसे हे आकडे पाहून निर्धास्त होतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. सनराइजचा वाहनतळच त्याच्या माथ्यापेक्षा तीनशे मीटर वर आहे. समुद्रसपाटीवरच्या घरातून पहाटे निघालेला माणूस दोन-अडीच तासांत या उंचीवर उतरून लगेच चालू लागतो. टॉवरपाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून किंचितच जास्त असतो. निरोगी माणसाला यामुळे सहसा गंभीर त्रास होत नाही, परंतु दम लवकर लागतो, काहींचे डोके जड होते, आणि एरवी घराजवळच्या टेकडीवर सहज चालणारे ज्येष्ठ येथे पहिल्याच चढणीवर थबकतात.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा पुरेसा आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने ही चाल सव्वादोन ते अडीच तासांची ठरते. मात्र हा हिशेब न थांबता चालणाऱ्या एकट्या, धडधाकट माणसाचा आहे. मुले, ज्येष्ठ, छायाचित्रे आणि खाणे धरून मिश्र गटासाठी पाच तास राखून ठेवावेत, आणि वर एक तास अडचणीसाठी धरावा.

सावधान: याच उद्यानात टोल्मी पीकवरही असाच टॉवर आहे आणि नकाशात नाव शोधताना लोक दोहोंची गल्लत करतात. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कार्बन नदीवरचा फेअरफॅक्स पूल एप्रिल २०२५ मध्ये वाहनांसाठी कायमचा बंद झाला आहे. गटाला नुसते "लुकआउट" असे कळवू नये. "सनराइज, व्हाइट रिव्हर प्रवेशद्वारातून" असे स्पष्ट लिहावे.

## २. तारीख निवडणे

सनराइजचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. तो साधारणपणे जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि शरद ऋतूत बर्फ पडू लागला की पुन्हा बंद होतो. रस्ता उघडला म्हणजे पायवाटही मोकळी झाली, ही पहिली ठळक चूक. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रोझन लेकच्या आसपासच्या उतारांवर अनेकदा टणक बर्फाचे पट्टे शिल्लक असतात, आणि सकाळच्या वेळी त्यांवरून साध्या बुटांनी आडवे जाणे धोक्याचे असते. मिश्र गटाने जुलैचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य एवढाच काळ विचारात घ्यावा. फुले पाहायची असतील तर जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य हा काळ उत्तम, आणि गर्दीही तेव्हाच सर्वाधिक.

ऑगस्टच्या उत्तरार्धात वणव्यांच्या धुराची शक्यता वाढते. ज्या टॉवरवरून धूर शोधला जात असे, तेथवर धुरातूनच चढत जाण्यात काहीच हशील नाही. दिसत तर काही नाहीच, छातीवरही ताण येतो. म्हणून मुख्य तारखेबरोबर एक पर्यायी तारीख पहिल्याच निरोपात जाहीर करावी. पर्यायी तारीख नसलेला गट हवा बिघडली तरी "आता ठरलंय तर जाऊन येऊ" म्हणत निघतो. शक्य असल्यास मंगळवार किंवा बुधवार निवडावा.

२०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात सनराइजकडे सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेत शिरण्यासाठी प्रत्येक गाडीला वेळेचे आरक्षण आधी काढावे लागत होते. हे नियम दरवर्षी नव्याने ठरतात, त्यामुळे ज्या वर्षी जायचे त्या वर्षीचा नियम उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचावा. मित्राने मागच्या वर्षी काय केले यावर अजिबात विसंबू नये.

## ३. गट ठरवणे आणि जबाबदाऱ्या वाटणे

बाराहून अधिक माणसे असतील तर दोन स्वतंत्र गट करावेत, प्रत्येकाचा म्होरक्या आणि पिछाडीचा माणूस वेगळा असावा आणि दोन्ही गटांच्या निघण्यात अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. वीस जणांची सलग रांग अरुंद वाटेवर इतरांचाही रस्ता अडवते आणि तिच्यात कोण कुठे आहे हे कोणालाच कळत नाही.

म्होरक्या सर्वांत वेगवान नसावा. वाट माहीत असलेला, थांबण्याचा कंटाळा नसलेला आणि वेळ आली तर "परत फिरूया" हे मोठ्या माणसांनाही सांगू शकेल असा तो असावा. पिछाडीला चालणाऱ्याने कोणालाही मागे सोडायचे नाही, अगदी "तू हो पुढे, मी येतो" असे काकांनी तीनदा सांगितले तरी. प्रथमोपचाराची पेटी पिछाडीच्या माणसाकडे असावी, कारण त्रास होणारा माणूस मागे पडतो आणि मदत त्याच्यापर्यंत मागून यावी लागते.

भारतातून आलेले आईवडील किंवा सासू-सासरे सोबत असतील तर त्यांच्याशी आदल्या आठवड्यात मोकळेपणाने बोलावे. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, दमा आणि चालू औषधे यांची माहिती म्होरक्याकडे असायला हवी. प्रवासी आरोग्यविम्याच्या कागदाचा फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये असावा. पुष्कळ ज्येष्ठ मुलांचा विरस होऊ नये म्हणून त्रास अंगावर काढतात. म्हणून त्यांना विचारताना "जमेल ना?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "हो" असेच येते. त्याऐवजी "बाबा, तुम्ही तळ्यापर्यंत या, तिथून पुढचं तिथे बसून ठरवू" असे म्हणावे.

ज्यांना मुळीच चढायचे नाही त्यांच्यासाठी वाहनतळाच्या दक्षिणेला एमन्स व्हिस्टाकडे जाणारी छोटी, सोपी वाट आहे. तेथून एमन्स हिमनदी आणि रेनिअरचा भव्य माथा समोर दिसतो. अशा मंडळींबरोबर गाडीची किल्ली असलेला एक माणूस ठेवावा.

तपासणी: प्रत्येक सदस्याला म्होरक्याचे, पिछाडीच्या माणसाचे आणि आपल्या गाडीच्या चालकाचे नाव माहीत आहे का? विचारल्यावर कोणी अडखळले तर निरोप पुन्हा पाठवावा.

## ४. गाड्या, इंधन आणि भेटण्याची जागा

प्रवेशशुल्क खासगी गाडीमागे आकारले जाते, म्हणून गाड्या जितक्या कमी तितका खर्च, रांग आणि वाहनतळाची चिंता कमी. वार्षिक पास वापरायचा असेल तर ज्याच्या नावावर तो आहे तो माणूस त्याच गाडीत असला पाहिजे. हे उद्यान मे २०२३ पासून रोख पैसे स्वीकारत नाही, तेव्हा प्रत्येक गाडीत चालणारे बँकेचे कार्ड असावे.

बेलव्ह्यूकडून येताना ईनमक्लॉ हे शेवटचे मोठे गाव. तेथे इंधन भरून घ्यावे, कारण उद्यानात कोठेही इंधन मिळत नाही. तेथून ४१० क्रमांकाच्या राज्य महामार्गाने व्हाइट रिव्हर प्रवेशद्वारापर्यंत जावे आणि मग वळणावळणाच्या घाटरस्त्याने सनराइजला चढावे. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे आणि पहाटेच त्यांना पोटभर खाऊ घालू नये.

ईनमक्लॉ सोडल्यावर फोनची रेंज हळूहळू जाते आणि सनराइजला ती मिळेल असे समजून काहीही ठरवू नये. गाड्या एकमेकांच्या मागोमाग ठेवण्याचा आटापिटा करण्यापेक्षा भेटण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवावी. "सनराइज व्हिजिटर सेंटरच्या दारासमोर, सव्वासात वाजता, पावणेआठपर्यंत वाट पाहू" एवढे वाक्य पुरते. त्यानंतर न आलेल्या गाडीने काय करायचे हेही आधीच सांगावे: त्यांनी तळ्यापर्यंत यावे, गट तेथे ठरलेल्या वेळेपर्यंत थांबेल.

मिश्र गटासाठी पुढील वेळापत्रक सोयीचे पडते: बेलव्ह्यूहून पहाटे ५ ला निघणे, सव्वासातला सनराइज, पावणेआठला चालायला सुरुवात, सव्वानऊपर्यंत फ्रोझन लेक, तेथून उशिरात उशिरा १० ला पुढे निघणे, साडेअकरापर्यंत टॉवर, आणि काहीही झाले तरी दुपारी १२ ला परतीचे पाऊल. आरक्षण उशिराचे मिळाले असेल तर सगळ्या वेळा तेवढ्याच पुढे सरकवाव्यात, मात्र त्या दिवशी दुपारच्या गडगडाटाचा अंदाज नाही ना हे पाहूनच. शनिवार-रविवारी दहानंतर पोहोचणाऱ्यांनी प्रवेशद्वारावरच्या लांब रांगेची तयारी ठेवावी. वाहनतळ भरला की गाड्या खालीच थांबवल्या जातात.

## ५. पाठपिशवी

सिअ‍ॅटलच्या माउंटेनिअर्स या संस्थेने १९३० च्या दशकात तयार केलेली दहा आवश्यक वस्तूंची यादी आजही आधाराला घ्यावी: दिशा कळण्याचे साधन, कपाळावरचा दिवा, उन्हापासून संरक्षण, प्रथमोपचार, चाकू व किरकोळ दुरुस्तीचे सामान, आग पेटवण्याचे साधन, आडोसा, जादा अन्न, जादा पाणी आणि जादा कपडे. यांतील काही वस्तू गटात मिळून दोन-तीन पुरतात, परंतु पाणी, कपडे आणि दिवा प्रत्येकाचा स्वतःचा हवा. उद्यानात पेटवलेली आग फक्त ठरवून दिलेल्या जागीच चालते, तेव्हा काडेपेटी केवळ जिवावर बेतल्यास वापरायची.

कपड्यांबाबत सर्वाधिक चुका होतात. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. सिअ‍ॅटलमध्ये २८ अंश असतील तेव्हा टॉवरपाशी १४ च्या आसपास असू शकतात, आणि धारेवरचा वारा वेगळाच. सुती टी-शर्ट घामाने भिजला की तळ्यापाशी थांबल्याबरोबर अंगात थंडी भरते. चटकन वाळणारा सदरा, वर एक उबदार थर आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट असे तीन थर असावेत. जीन्स नकोच. पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी घेतलेले कोरे बूट घालून चालायला लावू नये. किमान आठवडाभर रोज तासभर वापरलेले, खाली चांगली पकड असलेले बूट हवेत. उतरणीवर काठ्यांनी गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो.

पाणी माणशी किमान दोन लिटर, उन्हाच्या दिवशी तीन. वाटेत पाणी भरता येत नाही. फ्रोझन लेक समोर दिसत असले तरी ते सनराइजच्या पिण्याच्या पाण्याचा साठा असल्यामुळे त्याभोवती कुंपण आहे. कुंपणाजवळ जाऊन हात धुण्याचाही विचार करू नये.

खाणे कोरडे, हाताने खाता येईल असे आणि सांडले तरी पसरणार नाही असे असावे. दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि सुका मेवा हे येथे फार उपयोगी पडते. वडे आणि भजी तेलकट असल्यामुळे तहान वाढवतात. ती गाडीत ठेवून परतल्यावर खावीत. डब्यातले पोहे वाऱ्यात उडतात आणि वेचून उचलता येत नाहीत. संत्र्याची सालेसुद्धा परत आणायची असतात, कारण इतक्या थंड हवेत ती लवकर कुजत नाहीत. त्यासाठी प्रत्येकाकडे घट्ट बंद होणारी एक रिकामी पिशवी असावी.

प्रथमोपचारात क्रेप बँडेज, बुटांनी आलेल्या फोडांवर लावायच्या पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटे, निर्जंतुक गॉज आणि प्रत्येकाची स्वतःची औषधे असावीत. गटात एक तरी उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण असावे, आणि ते चालवता येणारी किमान दोन माणसे असावीत. त्याबरोबर प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवावी. तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी, हे मुलांना घरीच शिकवावे.

## ६. आदल्या दिवशीची संध्याकाळ

हवामानाचा अंदाज सिअ‍ॅटलचा किंवा ईनमक्लॉचा पाहू नये. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशातील सनराइजच्या बिंदूवर टिचकी मारून त्या उंचीचा अंदाज मिळतो. त्यात वाऱ्याचा वेग आणि दुपारच्या गडगडाटाची शक्यता या दोन ओळी आधी वाचाव्यात. त्यानंतर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहावा. तो १०० च्या वर असेल तर दमेकरी, ज्येष्ठ, हृदयविकार असलेले आणि लहान मुले यांना नेऊ नये. १५० च्या वर असेल तर पर्यायी तारीख स्वीकारावी. मग रस्ता उघडा आहे का ते पाहावे आणि परिसराचा नकाशा फोनमध्ये रेंजशिवाय उघडेल असा साठवावा.

न येणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीला गटाची नावे, गाड्यांचे क्रमांक, वाटेचे नाव आणि "रात्री आठपर्यंत आमचा निरोप आला नाही तर ९११ ला कळव" अशी स्पष्ट वेळ लिहून पाठवावी. "उशीर झाला तर बघ" असा मोघम निरोप कामाचा नाही. अशा निरोपावर समोरच्याला फोन कधी करायचा हेच कळत नाही.

तपासणी: नकाशा फोन विमान स्थितीत ठेवून उघडून पाहिला का? आरक्षणाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये साठवला का? प्रवेशद्वारापाशी इंटरनेट मिळेल या भरवशावर राहिलेल्या गाड्या तेथेच खोळंबतात.

## ७. सनराइजला पोहोचल्यावर

गाडीतून उतरल्याबरोबर चालू नये. अर्धा तास सावकाश वावरावे, पाणी प्यावे, आणि सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यावे, कारण पुढे टॉवरपर्यंत कोठेही शौचालय नाही. बर्फाची आणि वन्यप्राण्यांची त्या दिवशीची खबर वनरक्षकाकडून घ्यावी. मग गोल करून माणसे मोजावीत आणि परत फिरण्याची वेळ मोठ्याने सांगावी. कुत्र्यांना या वाटेवर परवानगी नाही आणि ड्रोन उडवणे राष्ट्रीय उद्यानांत निषिद्ध आहे. या दोन्ही गोष्टी घरी सांगितल्या असल्या तरी येथे पुन्हा सांगाव्यात.

## ८. सनराइज ते फ्रोझन लेक

वाहनतळाच्या उत्तरेकडून, स्वच्छतागृहांच्या मागून रुंद वाट कुरणातून चढते आणि सावरडो धारेच्या वाटेला मिळते. येथे डावीकडे, म्हणजे पश्चिमेला वळायचे. उजवीकडची वाट डेगे पीककडे जाते आणि पुढे धावणारी मुले नेमकी तिकडे वळतात, म्हणून या फाट्यापर्यंत म्होरक्याच्या पुढे कोणी जायचे नाही.

या वाटेवरची पहिली चढणच दमवते. गटाचा वेग मुद्दाम इतका कमी ठेवावा की बोलताना वाक्य तुटू नये. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटे थांबावे, आणि मागचा माणूस येऊन त्यालाही दोन मिनिटे मिळाल्यावरच निघावे. पुढच्यांनी थांबायचे, मागचे धापा टाकत पोहोचायचे आणि ते पोहोचताच पुढच्यांनी उठायचे, असे झाले की ज्याला विश्रांतीची गरज असते त्यालाच ती मिळत नाही.

समोरून कोणी आले तर कुरणात पाय टाकू नये. येथील झाडोऱ्याला वाढायला वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने मिळतात आणि तुडवलेली जागा भरून यायला वर्षे जातात. दगडावर उभे राहून वाट द्यावी. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हा डोंगरातला सर्वमान्य रिवाज पाळावा.

## ९. फ्रोझन लेक: येथे निर्णय घ्यायचा

तळ्याशेजारी पाच वाटा मिळतात. एक आपण आलो ती, एक उजवीकडे माउंट फ्रीमाँटकडे, एक बर्कली पार्ककडे खाली, एक बरोज माउंटनकडे वर आणि एक खालच्या अंगाने सनराइजकडे परत. फलक नीट वाचून, "फ्रीमाँट" हा शब्द दोघांनी पाहिल्यावरच उजवीकडची वाट धरावी.

दिवसातला सर्वांत महत्त्वाचा थांबा हाच आहे आणि बहुतेक गट तो पाणी पिऊन पाच मिनिटांत उरकतात. येथे किमान वीस मिनिटे बसावे, उबदार थर चढवावा, थोडे खावे आणि चार गोष्टी तपासाव्यात. घड्याळात १० वाजून गेले आहेत का? पश्चिमेकडे ढगांचे उंच मनोरे चढू लागले आहेत का? कोणाचे डोके दुखते आहे, कोणाला मळमळते आहे, कोणाच्या टाचेला फोड आला आहे का? प्रत्येकाकडे निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक आहे का? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल तर संपूर्ण गटाने परतावे. तिसऱ्याचे "हो" किंवा चौथ्याचे "नाही" असेल तर त्या व्यक्तीने परतावे.

परतणारा माणूस एकटा परतत नाही. त्याच्याबरोबर धडधाकट सोबती, एक गाडीचालक आणि त्या गाडीची किल्ली जाते. तळ्यापाशी "आम्ही येईपर्यंत इथेच बसा" असे सांगून कोणाला ठेवू नये; येथे आडोसा नाही, आणि उन्हात निघालेला माणूस तासाभरात वाऱ्याने गारठतो. परतणाऱ्यांनी आल्या वाटेनेच जावे. खालच्या वाटेने गेल्यास जास्त चालावे लागते आणि कोण कुठून गेले याचा हिशेब राहत नाही.

सावधान: वाटेच्या या पुढच्या भागात वेगवान मंडळींना "तुम्ही व्हा पुढे" अशी सूट देण्याचा मोह होतो. तशी सूट द्यायचीच असेल तर किमान तिघांचा गट करून, टॉवरच्या खाली थांबण्याच्या अटीवर द्यावी.

## १०. धारेवरची वाट

तळ्यापासून वाट उत्तरेकडे धारेच्या पश्चिम अंगाने आडवी जाते. जाताना उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला उतार असतो. पायाखाली सुटे, चपटे दगड आणि घसारा आहे. सह्याद्रीतल्या घसाऱ्यापेक्षा येथील दगड जास्त हलतात, मात्र वाट रुंदीला पुरेशी असल्याने सावधपणे चालणाऱ्याला भीती नाही. पाऊल सपाट टाकावे, दगडाच्या कडेवर टाकू नये, आणि बघायचे असेल तेव्हा थांबून बघावे. चालता चालता फोनमध्ये चित्रण करणारा माणूस येथे हमखास ठेचकाळतो.

मुलांना डोंगराच्या बाजूने चालवावे आणि प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस असावा. समोरून येणाऱ्यांना वाट देताना डोंगराकडच्या बाजूला उभे राहावे. दगड सुटून खाली गेला तर मोठ्याने "दगड!" असे ओरडावे, परभाषक सोबत असतील तर त्यांना कळेल अशा भाषेतही ओरडावे.

या उतारांवर पांढऱ्या पहाडी शेळ्या वरचेवर दिसतात. त्या वाटेवर आल्या तर गटाने एकत्र थांबून किमान पन्नास पावलांचे अंतर राखावे आणि त्यांना सावकाश जाऊ द्यावे. त्यांच्या आणि पिल्लांच्या मध्ये येऊ नये. अस्वल दिसल्यास शंभर यार्डांचे अंतर ठेवावे, पळू नये, आणि मुलांना जवळ घेऊन हळूहळू मागे सरावे.

## ११. टॉवरवर

टॉवर धारेच्या टोकाला आहे. वर जाणारा जिना चढा आहे आणि खोलीभोवती कठड्याची अरुंद फेरी आहे. खोली बहुधा कुलूपबंद असते. एका वेळी पाच-सहा जणांनीच वर जावे, दहा मिनिटांत खाली यावे आणि पुढच्यांना जागा द्यावी. पिशव्या खाली ठेवायच्या, पण उघड्या नाहीत. सोनेरी पाठीच्या छोट्या खारी येथे माणसांना सरावल्या आहेत. पिशवीची चेन बोटभर उघडी राहिली तरी तोंड आत खुपसून चिक्कीचा कागद कुरतडायला त्यांना अर्धे मिनिट पुरते. त्यांना कौतुकाने शेंगदाणे घालणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यांच्या जिवाला घातकही, कारण माणसांच्या खाण्यावर वाढलेली जनावरे धीट होतात आणि चावतात.

जेवण टॉवरच्या पायथ्याशी, वाट मोकळी ठेवून, दगडांवर बसून करावे. उत्तरेला ग्रँड पार्कचे विस्तीर्ण सपाट पठार आणि नैर्ऋत्येला १४,४१० फुटांचे रेनिअर दिसते. मनसोक्त पाहण्यासाठी या जागेला अर्धा-पाऊण तास द्यावा. धावतपळत येऊन फोटो काढून निघण्यासाठी एवढी तयारी करायची गरज नव्हती.

सावधान: गडगडाट ऐकू आला तर टॉवरचा आडोसा घेऊ नये. तो उघड्या धारेवर उभा आहे आणि विजेच्या दृष्टीने हीच सर्वांत वाईट जागा. जेवण अर्धवट सोडून, काठ्या आखडून घेऊन, माणसांत अंतर ठेवत तळ्याकडे उतरू लागावे. छप्पर असलेली बंद मोटार किंवा सनराइजची इमारत हेच सुरक्षित ठिकाण.

## १२. उतरण आणि घरचा रस्ता

निघण्यापूर्वी माणसे मोजावीत, मग कचऱ्याच्या पिशव्या. उतरताना घोटे मुरगळण्याचे प्रमाण वाढते, कारण पाय थकलेले असतात आणि मन गाडीत पोहोचलेले असते. बुटांच्या नाड्या पुन्हा आवळून बांधाव्यात, म्हणजे बोटे पुढे आपटत नाहीत. वेग चढतानाचाच ठेवावा आणि फ्रोझन लेकपाशी पुन्हा सर्वांनी एकत्र यावे, कारण पाच वाटांच्या त्या नाक्यावर परतीच्या वेळीही माणसे चुकतात.

घोटा मुरगळला तर बूट लगेच काढू नये. सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. नाडी सैल करून बुटावरूनच क्रेप बँडेज आवळावे, पिशवी दुसऱ्याने घ्यावी आणि दोन काठ्यांच्या आधाराने चालता येते का पाहावे. पाय टेकवताच येत नसेल तर जखमीला उबदार ठेवून एकाने सोबत थांबावे, उपग्रह उपकरणावरून निरोप पाठवावा आणि दोघांनी मिळून सनराइजच्या वनरक्षकाकडे जावे. निरोपात जागा सांगताना "तळ्यापासून टॉवरकडे साधारण अर्धा मैल" अशा रीतीने सांगावी.

वाहनतळावर चालकांनी लगेच गाडी सुरू करू नये. अर्धा तास बसून काही खावे, पाणी प्यावे, डोळ्यांवर झापड असेल तर चालक बदलावा. घाटात ब्रेक सतत दाबून न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवावी. ईनमक्लॉच्या आसपास रेंज आली की प्रत्येक गाडीने घरी थांबलेल्या व्यक्तीला स्वतंत्रपणे कळवावे, आणि सगळ्या गाड्यांचे निरोप आल्याची खात्री म्होरक्याने स्वतः करून घ्यावी.